मधला रूळ

९ फेब्रुवारी

व्याहीबुवा, सप्रेम नमस्कार.

पाकिटामागचा पत्ता बघून तुम्ही कपाळाला आठ्या घातल्या असतील. घाला. तुमच्या मुलीचा आणि माझ्या मुलाचा संसार मोडला, वकील झाले, सह्या झाल्या, माझा मुलगा परदेशात दुसरं घर थाटून बसला, हे सगळं मान्य. पण त्या कागदांवर तुमची-माझी सही कुठे होती? तेव्हा मी तुम्हाला व्याहीच म्हणणार. या वयात नवीन हाक शोधायला मला सवड आहे, पण उत्साह नाही.

खरं तर फोनच करणार होतो. पण सूनबाई मागे म्हणाली होती की जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेल्यामुळे तुम्ही आता फोनला हात लावत नाही. म्हणून हे पत्र आणि सोबतचं पार्सल.

पार्सलमध्ये खेळण्यातलं इंजिन आहे. खेळण्यातलं म्हटलं तरी जपून उचला, चांगलं वजनदार आहे. माझ्या मुलासाठी घेतलं तेव्हाच ते जुन्या बाजारातलं होतं, म्हणजे त्याचं वय तुमच्या-माझ्याएवढं धरायला हरकत नाही. मुलाने त्याच्याकडे फारसं बघितलं नाही. बघितलं ते आपल्या नातीने, भिंगरीने. माझ्याकडे यायची तेव्हा सबंध दुपार रुळांशेजारी पालथी पडून असायची. ट्रान्सफॉर्मरचं हँडल फिरवून इंजिन थांबवायचं, पुन्हा करंट द्यायचा, असं एक-दोनदा केलं की ते उलटं फिरून तिच्याकडे यायचं. तेव्हा ती जशी हसायची, मी आयुष्यभर एवढी शिलाई मशीन दुरुस्त करून दिली, पण तसं हसलेलं एकही गिऱ्हाईक बघितलं नाही.

आता ते मागे येत नाही. पुढे जातं, गोल फिरतं, पण मागे म्हणून येत नाही. कधी कधी तर जागच्या जागी नुसतं गुणगुणत उभं राहतं. मी मशीनवाला, त्यामुळे त्याच्या पोटात भरपूर तेल सोडून बघितलं. उपयोग शून्य.

गेल्या महिन्यात सूनबाईने भिंगरीला फोनवर दिलं, तर तिने पहिलं तेच विचारलं. आबा, ते मागे येतं का? लगेच रुळावर चालवून बघितलं, आणि नाही म्हटलं. "मग यायला लागलं की सांगा, मी सुट्टीत येते," म्हणाली. मुलं काहीही बोलतात हे मला कळतं. पण मी ते धरून बसलोय, खोटं कशाला सांगू? संसार मोडल्यापासून ती एकदाही इकडे आलेली नाही, आणि हे घर इतकं शांत झालंय की कोणी दार वाजवलं तर मी दचकतो.

तुम्ही जन्मभर एक्स्चेंजमधले रिले, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे ते स्विच, दुरुस्त केलेत. तपासायला लागतील म्हणून थोडे सरळ रूळ आणि ट्रान्सफॉर्मरही घातलाय. सुट्टी लागायच्या आत झालं तर बघा.

आपला व्याही,
अजून तरी


२१ फेब्रुवारी

नमस्कार.

पार्सल पोचलं. आपण अजून व्याही आहोत की नाही, याचा निकाल मी देऊ शकत नाही. इंजिनाबद्दल लिहू शकतो.

उघडून बघितलं. आत तेलाचं तळं आहे. तुमच्या मशीनला तेल लागत असेल, इथे लागत नाही. रिव्हर्सची यंत्रणा म्हणजे आमच्या एक्स्चेंजमधल्या स्विचची धाकटी बहीण. एक कॉइल आहे, तारेचं वेटोळं. करंट आला की ती एक छोटी लोखंडी दांडी वर उचलते. करंट तुटला की दांडी स्वतःच्या वजनाने खाली पडते. दांडीला आकडा आहे, तो दर खेपेला एका लहानशा ढोलाचा एक दात पुढे सरकवतो. ढोल फिरला की त्याच्यावर टेकलेल्या तांब्याच्या पट्ट्या वेगळ्या जागी लागतात आणि चाकं उलटी फिरतात. सगळं काम त्या दांडीच्या मोकळेपणाने पडण्यावर आहे. तुमच्या तेलात धूळ कालवली गेली आणि दांडी चिकटून बसली. शिवाय एक पट्टी तुटलेली आहे. तो दोष तुमचा नाही.

गुणगुणत उभं राहणं हा बिघाड नाही. क्रमच तसा आहे. पुढे, मग थांबणे, मग मागे, मग पुन्हा थांबणे. मधला थांबा बनवणाऱ्याने मुद्दाम ठेवला आहे.

आतलं सगळं स्पिरिटने धुतो. पट्टी जुन्या रिलेतली कापून बसवीन. जेवणाच्या टेबलावर काम करतो. ते दिवसभर रिकामंच असतं. मुलगी कामावर, भिंगरी शाळेत, आणि शाळेतून आली की आपल्या खोलीत. दार लावलेलं असतं. मी वाजवत नाही.

यापुढे तेल घालू नये.

भिंगरीचा नाना


१ मार्च

व्याहीबुवा, नमस्कार.

तुमच्या पत्रात "तेल" हा शब्द किती वेळा आला ते मी मोजणार होतो, पण लाज वाटून सोडून दिलं. अहो, आमच्या धंद्यात मशीन अडलं की पहिलं तेल, तरी अडलं की पुन्हा तेल, आणि तरीही अडलं तर गिऱ्हाइकाला सांगायचं की उद्या या. तेलावर माझं घर चाललं. आता या वयात तुम्ही मला सांगताय की एक यंत्र असंही असतं ज्याला कोरडं राहायला आवडतं. तुमच्यासारखंच दिसतंय म्हणायचं.

रागावू नका. मी खुशीत आहे म्हणून थट्टा करतोय. पट्टी बसवणार हे वाचलं तेव्हाच मी कामाला लागलो. पुढच्या खोलीतली दोन जुनी मशीन भिंतीला सरकवली, फरशी स्वच्छ पुसून घेतली आणि घरात उरलेले रूळ मांडून ठेवले. सगळा गोल पूर्ण होत नाही, कारण काही सरळ तुकडे तुमच्याकडे आहेत, पण कल्पना येते. रोज त्यांच्यावरून फडकं फिरवतो. इंजिन नसलेला रूळ पुसताना माणूस येडा दिसतो, पण बघायला इथे आहे कोण? खालचा शिंपी दुकान विकून मुलाकडे गेला. तो होता तोवर निदान जिन्यात भांडण तरी व्हायचं.

भिंगरीला झोपायला नवीन गादी भरून घ्यायची म्हणतो. तिची उंची आता किती? माझ्या डोक्यात ती अजून टेबलाच्या कडेएवढीच आहे, आणि गादीवाला म्हणतो अंदाजाने भरून देणार नाही. तेवढं मोजून कळवा. आणि इंजिनाचं काम होत आलंय हे तिच्या कानावर घाला. माझं नाव मधे आणू नका, नुसतं घाला.

आपला,
तेलकट व्याही


२७ मार्च

नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. उंची दाराच्या चौकटीला उभी करून मोजली. माझ्या खांद्याच्या किंचित खाली येते. पेन्सिलीची खूण केली आहे, सोबत तेवढ्या लांबीची सुतळी कापून घातली आहे. गादीवाल्याला ती द्या.

इंजिनाचं सांगायचं तर नवी पट्टी बसली. डाग देऊन पक्की केली. पण ढोलाचा एक दात झिजलेला आढळला. तसा ढोल मिळतो का ते बघायला जुनं सामान विकणाऱ्या एकाला लिहिलं आहे. उत्तर आलेलं नाही. वेळ लागेल.

मध्यंतरी एक दिवस मी काम करत असताना भिंगरी खोलीतून बाहेर आली. कॉइलची गुणगुण ऐकून आली म्हणाली. टेबलाशी उभी राहिली, मग खुर्ची ओढून बसली. तपासायचा दिवा कसा धरायचा ते दाखवलं. एकदा दाखवल्यावर तिला बरोबर जमलं. हात स्थिर आहे तिचा. बरंच काही विचारत होती. दांडी खाली का पडते, वरच का राहत नाही, आणि करंट दिसतो का. तिची आजी गेल्यापासून या टेबलावर इतकं बोलणं झालं नव्हतं. संध्याकाळी मुलगी आली तर आम्ही दोघं अजून तिथेच. जेवायला टेबल रिकामं करायला सांगितलं तेव्हा उठलो.

असो. हे तुम्हाला लिहायचं कारण नव्हतं. भाग आला की कळवतो.

नाना


१० एप्रिल

व्याहीबुवा, नमस्कार.

सुतळी मिळाली. मी ती जमिनीवर सरळ ताणून ठेवली आणि बराच वेळ नुसता बघत बसलो. एवढी झाली पोर! गादीवाल्याला सुतळी दिली, तर म्हणतो यापेक्षा थोडी मोठीच भरू, मुलं वाढतात. गादी आली आहे. पुढच्या खोलीत घडी करून ठेवलीय.

आता मुद्द्याचं. सुट्टी दारात येऊन उभी राहिली आणि तुमचा ढोल अजून येतोच आहे. एक दात झिजला तर मला पाठवा, मी कानशीने घासून, डाग भरून उभा करतो. मशीनमधल्या कापड सरकवणाऱ्या पट्टीचे दात मी असे किती तरी उभे केलेत. नाही तर मीच येतो इंजिन न्यायला. बसने येईन, तुमच्या दारातून घेईन आणि परत फिरेन, पाणीसुद्धा मागणार नाही.

व्याहीबुवा, मला एक शंका येतेय, ती स्पष्ट विचारतो. ढोलाचं निमित्त आहे का? सूनबाईची इच्छा नसेल आणि तुम्ही बिचारे मधल्या मधे दात झिजल्याचं सांगत असाल, तर तसं लिहा. मी तिच्यावर रागावणार नाही. माझ्या मुलाने तिला जे भोगायला लावलं, त्यानंतर तिने या घराकडे पाठ फिरवली तर मी कोणत्या तोंडाने बोलू? पण मला कळू तर द्या. रोज फडकं घेऊन रूळ पुसायचे आणि पोस्टमनची वाट बघायची, हे आता मला झेपत नाही. आशा सोडायची असेल तर ती एकदाच सोडता येते, रोज थोडी थोडी नाही.

सोबत एक पाकीट आहे. माझा पत्ता लिहून तिकीट लावून ठेवलंय. भिंगरीला द्या. तिला वाटलं तर दोन ओळी लिहील. नाही वाटलं तर पाकीट तुम्हाला होईल.

आबा


२४ एप्रिल

नमस्कार.

मुलीचा यात काही संबंध नाही. तिचं म्हणणं, भिंगरीला जायचं असेल तर जाऊ दे. तिच्याबद्दल तसा विचार करू नये.

भाग आलेला नाही. तुम्ही बसने येऊ नये, प्रवास लांबचा आहे. झालं की पार्सलने पाठवीन.

पाकीट भिंगरीला दिलं.

नाना


३ मे

प्रिय आबा,

नानांनी तुमचं पाकीट दिलं. मी ते आधी कंपासमध्ये ठेवलं होतं म्हणून जरा चुरगळलंय, सॉरी.

मला पत्र लिहिता येतं, शाळेत शिकवलंय, पण त्यात मुख्याध्यापकांना सुट्टी मागायची असते. तुमच्याकडे काय मागायचं ते मला माहीत नाही, म्हणून गंमत सांगते. आपलं इंजिन मस्त चालतं! पुढे पण जातं आणि मागे पण. आम्ही टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रूळ लावलेत. एका टोकाला नाना बसतात आणि दुसऱ्या टोकाला मी. मी इंजिनाच्या पाठीवर काही तरी ठेवते आणि नानांकडे पाठवते. बिस्कीट, खोडरबर, नाही तर चिठ्ठी. मग नाना हँडल फिरवतात, आधी ते थांबून गुण गुण करतं, मग परत माझ्याकडे येतं. नाना चिठ्ठीत कोडी लिहितात. बोलत नाहीत, चिठ्ठीतच लिहितात. मग मी ओळखलं की हसतात. आई म्हणते नाना असे हसतात हे ती विसरूनच गेली होती.

आम्ही हे खूप दिवस खेळतोय. शाळेत वार्षिक परीक्षा सुरू व्हायच्या आधीपासून. परीक्षा होती तेव्हा आईने रविवारीच खेळायला परवानगी दिली होती.

आबा, मला एक कळत नाही. मी तुमच्याकडे कधी यायचं असं विचारलं की नाना म्हणतात, इंजिन तयार झालं की. पण ते तर तयार आहे. मी तसं म्हटलं तर ते उठून पाणी प्यायला गेले. मोठ्या माणसांचं तयार वेगळं असतं का?

तुम्हाला इंजिनाशिवाय करमतं का? नाना म्हणतात की तुमच्याकडे गोल रूळ आहेत, त्यामुळे तुम्हाला मागे यायची गरज पडत नाही. ते खरं आहे का?

तुमची,
भिंगरी

तुम्ही पाठवलेली गादी कशी आहे? आईने सांगितलं की तुम्ही माझ्यासाठी गादी केली. पाठवलेली नाही, केलेली. खोडायला जागा नाही.


९ मे

व्याहीबुवा,

भिंगरीचं पत्र आलं. तिने सगळं सांगितलं आहे, आणि आपण काय सांगतोय हे तिला ठाऊक नाही. तिला ओरडू नका.

मला तुमचा राग आला. चांगला सडकून आला. दोन दिवस मी तुम्हाला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की खालचा शिंपी असता तर वर बघायला आला असता. मी इथे रूळ पुसतोय, सुतळी बघतोय, दात उभा करायला कानस काढून ठेवतोय, आणि तुम्ही माझंच इंजिन माझ्याच नातीबरोबर खेळताय आणि मला लिहिताय की भाग आलेला नाही. एक ओळ खरी लिहायला तुम्हाला काय जड गेलं असतं?

तिसऱ्या दिवशी पत्र पुन्हा वाचलं. तुम्ही दोघं दोन टोकांना बसता, ते वाचलं. मग मांडलेल्या रुळांकडे बघितलं. सरळ तुकडे कमी पडले म्हणून दोन वाकडे रूळ जरा ताणून मी गोल पुरा करून ठेवला होता. त्या गोलावर इंजिन सोडलं की ते माझ्या पाठीमागून जाऊन पुन्हा माझ्यासमोरच येतं. पलीकडे कोणी नसलं तरी चालतं. भिंगरी लहान होती तेव्हा तिला ते मागे यायला हवं असायचं, कारण तिला कोणाकडून तरी घ्यायचं असायचं. मी मात्र ती गेल्यावर गोलच फिरवत राहिलो. रिव्हर्स कधी बिघडलं हेसुद्धा मला कळलं नाही, व्याहीबुवा. ती विचारेपर्यंत मी बघितलंच नव्हतं.

तेव्हा ते इंजिन तुमच्याकडेच राहू दे. तिथे ते कोणाकडून तरी कोणाकडे तरी जातं. माझ्याकडचे उरलेले सरळ तुकडे सोबतच्या पार्सलमध्ये आहेत. त्यांनी तुमचे रूळ टेबलाबाहेर जातील, फरशीवर मांडा. भिंगरीला सांगा, आबांनी कबूल केलंय की तिच्यावर यायची सक्ती नाही. फक्त इंजिन तयार नाही असं तिला पुन्हा सांगू नका. तिला खरं-खोटं चांगलं कळतं.

गादी गुंडाळून माळ्यावर टाकली. मला एकटं वाटतं, ते मी लिहून मोकळा होतो, कारण समोर कोणी असतं तर बोललो नसतो. उत्तर पाठवायची गरज नाही.

आबा


१६ मे

व्याहीबुवा, सप्रेम नमस्कार.

हा शब्द मी आधी लिहायला हवा होता.

ढोलाला काही झालेलं नाही. एकही दात झिजलेला नाही. मी कोणालाही पत्र लिहिलेलं नाही. दुरुस्ती तुमचं दुसरं पत्र यायच्या आसपासच पुरी झाली होती. पार्सल बांधायला सुतळी काढली, शेवटचं एकदा इंजिन चालवून बघितलं, तेवढ्यात कॉइलचा आवाज ऐकून ती खोलीतून बाहेर आली. तीच सुतळी पुढे तिची उंची मोजायला वापरली.

इंजिन पाठवलं असतं तर सुट्टीत तीही तुमच्याकडे गेली असती. ते योग्यच होतं. पण मग या घरात मी आणि टेबल राहिलो असतो. सगळी माणसं असलेल्या घरातही माणूस एकटा राहू शकतो, हे मी कोणाला सांगू? मुलीला सांगितलं तर तिला अपराधी वाटेल. तिला आधीच पुष्कळ आहे. तुम्ही तिकडे एकटे आहात हे मला दिसत होतं. तुमच्या प्रत्येक पत्रात ते होतं. तरी मी पाठवलं नाही. माझी चूक आहे. क्षमा करा.

एक गोष्ट मात्र लिहितो. तुमचं तिकीट लावलेलं पाकीट मी तिच्या हातात दिलं, तेव्हा ती काय लिहिणार हे मला ठाऊक होतं. मला स्वतःला लिहिणं जमत नव्हतं, म्हणून दिलं.

तुम्ही पाठवलेले रूळ परत आणतो आहे. आमच्याकडचेही सगळे आणतो. शनिवारी मी आणि भिंगरी बसने निघतो. मुलगी येणार नाही, तिला अजून जमणार नाही, पण तिनेच तिकिटं काढून दिली आणि तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. चार दिवस राहू, चालत असेल तर. गादी खाली काढा. मी कुठेही झोपेन.

भिंगरीने एक अडचण काढली. सरळ रुळाला टोकं दोनच, मग आबा कुठे बसणार? मी म्हटलं गोल मांडू. ती नको म्हणाली, गोलात कोणी कोणाकडे पाठवत नाही. मग तिनेच उत्तर शोधलं. इंजिन पुढे जातं आणि मागे येतं, पण मधे थांबतं. जिथे ते गुणगुणत उभं राहतं, ज्याला तुम्ही बिघाड म्हणत होतात, तिथे तुम्ही बसायचं. तुमची चिठ्ठी तिथे उतरवू.

तेल घरात कुठे असेल तर लपवून ठेवा.

तुमचा व्याही


२ जून

व्याहीबुवा,

सुखरूप पोचलात हे सूनबाईने कळवलं. फोनवर चार वाक्यं बोलली. शेवटी "काळजी घ्या, बाबा" म्हणाली. बाबा म्हणाली. मी उत्तर द्यायच्या आत फोन ठेवला तिने.

तुम्ही गेल्यावर घर एकदम मोठं झालं. चार दिवस त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. तुम्ही दाराशी मांडी घालून बसलेले, भिंगरी खिडकीखाली पालथी, आणि मी मधे, दोन मशीनच्या आडोशाला. दोन्हीकडून इंजिन यायचं आणि माझ्यापाशी थांबायचं. तुम्ही पाठवलेल्या कोड्यांपैकी मला एकही सुटलं नाही. भिंगरीच्या चिठ्ठ्या मी ठेवून घेतल्यात. एकीत नुसतं "आबा" लिहिलंय, दुसरं काही नाही. तिला विचारलं तर म्हणाली, असंच, तुमच्याकडे थांबलं म्हणून.

गादी वीतभर लांब निघाली. गादीवाला शहाणा आहे. ती वीत भरेपर्यंत तरी ती गादी बदलायची नाही, आणि या खेपेला मी ती माळ्यावरही टाकलेली नाही. खाली राहू दे. अंगावर चादर घालून ठेवलीय, धूळ बसू नये म्हणून.

बसपर्यंत तुम्हाला सोडून परत आलो आणि सवयीने फडकं घेतलं. पुसायला रूळच नव्हते. मीच सगळे तुमच्याबरोबर बांधून दिले, इंजिनही दिलं, आणि तुम्ही किती नको म्हणालात तरी ऐकलं नाही. मग खोलीच्या मधोमध, माझ्या जागेवर, जरा वेळ बसलो. तिथून दार दिसतं आणि खिडकीही दिसते. दोन्हीकडे कोणी नव्हतं. वाईट वाटलं, पण ही जागा कोणाची आहे हे आता मला ठाऊक आहे, पूर्वी नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. तुमचे रूळ मांडाल तेव्हा एक तुकडा कमी भरेल. मोजदाद करत बसू नका, वाटेत पडलेला नाही. मधला आहे, बांधताना मी काढून घेतला. माझ्या उशाशी आहे. भिंगरीच्या लक्षात येईलच, तिच्या लक्षात सगळं येतं. विचारील तेव्हा सांगा, आबांकडे आहे, येऊन घेऊन जा. तोवर मी तो सांभाळतो. कोरडा ठेवलाय, तेल लावलेलं नाही.

तुमचा व्याही